अटलांटाची गिरणी आणि लेकीचा प्रबंध

नमस्कार,

तुमची लेक अमेरिकेत अटलांटा शहरात समाजशास्त्रात एमए करतेय. त्या शहरात कृष्णवर्णीयांना कोणती कामं मिळतात आणि गोऱ्यांना कोणती, हा तिने प्रबंधाचा विषय घेतलाय. तुम्ही विचारता, "काळ्या-गोऱ्यांच्या भानगडीत आपण कशाला? कर्ज काढून पाठवलंय, नोकरी लागेल का?" आणि जाता जाता लिहिता, की तुमचे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, होते. मला पत्रातली ही ओळ सगळ्यात मोलाची वाटली.

साचेखात्यात मजुरी बरी होती, पण दलित कामगारांना तिथे मज्जाव. सुताची कांडी बदलताना धागा धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळ्याच्या) भोकातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. मुंबईतल्या १९२८च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

आता अटलांटा. १८९७ साली तिथल्या फुल्टन बॅग अँड कॉटन मिलने वीसेक कृष्णवर्णीय बायका कामावर घेतल्या, तर गोऱ्या कामगारांनी संप करून त्यांना काढायला लावलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिरण्यांत पुढेही कित्येक दशकं कृष्णवर्णीयांच्या वाट्याला मुख्यतः कापसाच्या गासड्या फोडणं, झाडलोट, हमाली हेच होतं. १९४८ मध्ये शहराच्या पोलिसांत पहिले आठ कृष्णवर्णीय घेतले, पण गोऱ्याला अटक करायची त्यांना मुभा नव्हती! नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरला तो १९६४च्या नागरी हक्क कायद्याने. त्या गिरणीच्या इमारतीत आज फ्लॅट आहेत. परळसारखंच.

तेव्हा विषय परका नाही. पण नुसत्या विषयावर पोट भरत नाही, हे तुमचं म्हणणंही खरं. तिकडे शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी कंपन्यांना वर्ण, लिंग आणि हुद्द्यानुसार नोकरदारांची आकडेवारी दरवर्षी सरकारला द्यावी लागत आलीय. ती तपासणारे सल्लागार असतात, खटल्यांत ती मांडणारे संख्यातज्ज्ञ असतात. तिथे हवी असते आकडेमोड. म्हणून लेकीला सांगा, रिग्रेशनचे (कशाचा कशावर किती परिणाम होतो हे आकड्यांतून काढायच्या पद्धतीचे) दोन पेपर घे, आर किंवा स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर शीक, जनगणना खात्याचे खुले आकडे स्वतः चाळ.

व्हिसाचं आजच बघा. पदवीनंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची असते. आणखी चोवीस महिने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या अभ्यासक्रमांनाच मिळतात. समाजशास्त्र सहसा त्या यादीत नसतं, इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातली संख्याशास्त्रीय आकडेमोड, असतं. विभाग बदलता येईल का, हे तिने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावं. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांसाठीच असतात, त्यांची आशा धरू नये.

आणि रविवारी फोन कराल तेव्हा आजोबांच्या गिरणीचं बोला. त्यांच्या शेजारच्या साच्यावर कोण असायचं आणि कोण कधीच नसायचं, हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलं असेलच.