मान्श्टाइन आणि ‘हिटलरने ऐकलं असतं तर’चं पालुपद

तुमचे प्रश्न दोन: एरिक फॉन मान्श्टाइन हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा सर्वांत हुशार सेनापती होता का, आणि युद्धानंतर त्याला झालेली शिक्षा म्हणजे निव्वळ जेत्यांचा न्याय होता का? पहिल्याचं उत्तर बहुधा हो, दुसऱ्याचं नाही. मी स्वतः बरीच वर्षं या माणसावर लट्टू होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1939-40 च्या हिवाळ्यात तो कोब्लेन्झला रुंडश्टेट या वरिष्ठ सेनापतीचा चीफ ऑफ स्टाफ होता. फ्रान्सवरच्या हल्ल्याचा मूळ आराखडा बेल्जियममधून जाणारा, म्हणजे फ्रेंच जिथे वाट बघत बसले होते तिथूनच. मान्श्टाइनचं म्हणणं असं की रणगाड्यांचा मुख्य जोर आर्देनच्या जंगलातून सेदां या फ्रेंच गावावर टाका आणि तिथून थेट समुद्र गाठा. टिपणांवर टिपणं पाठवून त्याने वरच्यांना इतकं भंडावलं की त्याला एका कोअरचा (काही डिव्हिजनांच्या तुकडीचा) प्रमुख करून श्टेटिनला धाडलं. बढती देऊन ब्याद घालवायची ही रीत आपल्यालाही नवी नाही. पण 17 फेब्रुवारी 1940 ला नव्या नेमणुकीच्या निमित्ताने हिटलरची गाठ पडली आणि मान्श्टाइनने सगळी कल्पना तिथे मांडली. 13 मे ला जर्मनांनी सेदांजवळ म्यूझ नदी ओलांडली, 20 मे ला ते समुद्रकिनाऱ्यावर होते. मार्च 1943 मध्ये, स्टालिनग्राडचा एवढा दणका बसल्यावरही, सुसाट पुढे आलेल्या रशियनांना बगलेतून गाठून त्याने खारकोव्ह परत घेतलं. या दोन मोहिमांबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद सुरू होतो तो 1955 च्या त्याच्या आत्मचरित्रापासून. नावच ‘गमावलेले विजय’ अशा अर्थाचं. सूर असा, की आम्ही जिंकत होतो, हिटलरने हात बांधले. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पानिपत कसं झालं असतं, यावर रात्र जागवणाऱ्या आपल्या लोकांना हा सूर लगेच भावतो. पण स्टालिनग्राडचंच बघा. वेढा पडल्यावर तिथे अडकलेल्या जर्मन सैन्याचा प्रमुख पाउलुस याला ताबडतोब फुटून बाहेर पडायचं होतं. 24 नोव्हेंबर 1942 ला मान्श्टाइनने वर कळवलं ते असं, की विमानांनी रसद पोचत असेल तर इतकी घाई नको, बाहेरून सुटका करता येईल. डिसेंबरात सुटकेसाठी निघालेले जर्मन सेनापती होटचे रणगाडे वेढ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पोचले, तेव्हाही ‘बाहेर पडा’ हा शेवटचा हुकूम त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिला नाही.

आता ज्या कागदाने माझं प्रेम उतरलं त्याबद्दल. 1941 च्या शरदात तो क्रिमियात अकराव्या सैन्याचा प्रमुख होता. 20 नोव्हेंबरला त्याच्या सहीने आदेश निघाला: ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची नष्ट केली पाहिजे, ज्यूंना होणारी कठोर शिक्षा का आवश्यक आहे हे सैनिकाने समजून घ्यावं, आणि शत्रूच्या शहरांतल्या बऱ्याच लोकांना उपाशी राहावं लागेल, खोट्या माणुसकीपायी कुणाला काही वाटू नये. बाकीच्या जनतेशी न्यायाने वागा असंही त्यात आहे; त्याच्या वकिलांची भिस्त याच वाक्यांवर होती. पण डिसेंबरात सिम्फेरोपोलमध्ये ओलेनडॉर्फ या एसएस (नाझी निमलष्करी दल) अधिकाऱ्याच्या मारेकरी पथकाने दहा हजारांहून जास्त ज्यू गोळ्या घालून मारले, आणि त्यासाठी ट्रक दिले ते या सैन्याने. मेलेल्यांची मनगटी घड्याळं सैन्याला हवी होती, त्याचाही पत्रव्यवहार झाला. एकाच मुख्यालयात एका टेबलावर सेव्हास्तोपोलचे नकाशे, दुसऱ्यावर घड्याळांची पत्रं.

ऑगस्ट 1946 मध्ये न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात तो सेनापतींच्या बचावासाठी साक्षीला उभा राहिला. अमेरिकी सरकारी वकील टेलफर्ड टेलरने हाच आदेश त्याच्यापुढे ठेवला, तर म्हणे आठवत नाही. एकेका टेकडीची आठवण सांगणाऱ्या आत्मचरित्रातही तो आदेश नाही. गंमत म्हणजे 1934 मध्ये ज्यू वंशाच्या अधिकाऱ्यांना सैन्यातून काढण्याविरुद्ध याच माणसाने लेखी निषेध नोंदवला होता. म्हणजे कळत नव्हतं असंही नाही.

राहिला खटला. 1949 मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयात तो चालला. बचाव केला रेजिनाल्ड पेजेट या ब्रिटिश खासदाराने, तोही फी न घेता. बचावनिधीला खुद्द चर्चिलने पैसे दिले. सतरा आरोपांपैकी नऊ सिद्ध झाले, शिक्षा अठरा वर्षं. ती लगेच बारावर आली आणि मे 1953 मध्ये तो सुटलाही, कारण तोवर शीतयुद्ध सुरू झालं होतं आणि पश्चिम जर्मनीची फौज पुन्हा उभी करायची होती. त्या फौजेच्या बांधणीसाठी त्याचा सल्लाही घेतला गेला. जेत्यांनी इतकं सांभाळून घेतलेला आरोपी शोधूनही सापडणार नाही. 1973 मध्ये तो वारला, तेव्हा दफनही लष्करी इतमामात झालं.