खाऊन टाकायची वाटी उसळीला चालेल का?

प्रश्न : ताई, मी चिपळूणमध्ये घरून पार्सल देते. उकडीचे मोदक, भरलं वांगं, उसळी. परवा एक विक्रेता ज्वारीच्या पिठाच्या, खाता येणाऱ्या वाट्या आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्या दाखवून गेला. महाग आहेत, पण प्लास्टिक सोडायचं मनात आहे. घेऊ का?
— एक वाचक

उत्तर : उसळीसाठी वाट्या घेऊ नका. आइस्क्रीमचा कोन ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची खाद्य वाटी; ती चालते, कारण हातात आल्यावर काही मिनिटांत संपते. पीठ कुठलंही असो, ते पाणी ओढतंच. कडक भाजलं की थोडा वेळ मिळतो, आतून मेणाचा किंवा लाखेचा थर दिला की आणखी थोडा. पण गरम रस्सा भरून स्कूटरवरून गेलेली वाटी गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत बसणार, आणि बोलणी तुम्ही खाणार. भेळ, शेवपुरी असं उभ्याउभ्या संपणारं काही विकत असाल तर मात्र जरूर घ्या.

हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी ज्वारी, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचे चमचे बाजारात आणले, तेव्हापासून मला ही कल्पना आवडते. २०१९च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तर धावपटूंना समुद्रशैवालाच्या पापुद्र्यात पेय दिलं होतं. शैवालातलं अल्जिनेट हे चिकट द्रव्य कॅल्शियमच्या द्रावणात गेलं की त्याचा पापुद्रा धरतो. दाताने फोडायचा, प्यायचं, हवं तर गिळून टाकायचा. तिथे भरणं आणि पिणं यांत फार वेळ जात नाही, पार्सलचं तसं नसतं. शिवाय जी वस्तू खायची, ती पोळीइतकीच स्वच्छ ठेवायला हवी. कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडी ठेवलीत तर सादळणारच, म्हणून ती वेष्टनात येते, आणि ते वेष्टन बहुधा प्लास्टिकचं! विक्रेत्याला आधी तेच दाखवायला सांगा. वाटीत गहू मिसळला आहे का, हेही विचारा. ग्लूटेन न चालणारं गिऱ्हाईक ज्वारीचं नाव ऐकून निर्धास्त खाईल.

आता पिशव्या. नुसत्या ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दावर पैसे देऊ नका. किती दिवसांत, कुठल्या परिस्थितीत कुजणार, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. ‘कंपोस्टेबल’ (खत होण्याजोगं) असं लिहिलेलं, आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला हवा. तेवढं असूनही ती परसातल्या खड्ड्यात कुजेलच असं नाही. अशा पिशव्यांत बरेचदा मक्याच्या साखरेपासून होणारं पीएलए नावाचं प्लास्टिक असतं; त्याला साठ अंशांच्या आसपास तापलेला मोठा कंपोस्ट ढीग लागतो. तशी सोय जवळ नसेल तर कापडी पिशवीच बरी.

मोदक हळदीच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून उसाच्या चिपाडाच्या डब्यात द्या. डबा घेताना ‘पीएफएएसमुक्त’ असं लेखी मागा. पीएफएएस म्हणजे सहजी न विघटणारी रसायनं; तेल झिरपू नये म्हणून अशा डब्यांत ती सर्रास वापरली जात. अमेरिकेत खाद्यवेष्टनासाठी त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलं. वांगं आणि उसळ मात्र स्टीलच्या डब्यात, अनामत घेऊन. नेहमीची गिऱ्हाइकं डबा परत आणतात, नवी कुरकुरतात, कुरकुरू द्यात.

प्रश्न : आमच्या गावच्या भंडाऱ्यात पळसाच्या पत्रावळी वापरतो. उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे टाकल्या तर चालतील ना?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : पत्रावळ उलटी करून पाहा. यंत्रावर दाबलेल्या बऱ्याच पत्रावळींत पानांखाली पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पातळ थर असतो. एक तुकडा गरम पाण्यात भिजवून चोळा. पान फाटून चिवट, पारदर्शक पापुद्रा हाती राहिला तर ती गुरांनाही नको आणि खतालाही नको. हाताने टाचलेल्या पत्रावळी खड्ड्यात घालायला उत्तम, पण गुरांपुढे त्याही टाकू नका, काड्या टोकदार असतात. टाचणाऱ्या बायकांकडे मागणी आधी नोंदवा, ऐन वेळी मिळत नाहीत. आणि वरण पातळ असेल तर द्रोण दुहेरी घ्या.