रेडियल फ्लो कॉलममध्ये द्रव बाहेरून आत गेल्याने काय साधते?

आपण खानापूरहून बेळगावला औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी येता आणि विचारता की, क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या, कॉलममध्ये द्रव वरून खाली न सोडता बाहेरून आत सोडल्याने एवढा काय फरक पडतो. प्रथिने शुद्ध करण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे आणि माझ्या मते खरा फरक दाबाचा आहे.

नेहमीच्या उभ्या कॉलममध्ये ॲगारोजसारखे मऊ रेझिन (ज्यातून जाताना प्रथिने वेगळी होतात ते बारीक मणी) भरून प्रवाह फार वाढवला, की दाबमापकाचा काटा चढू लागतो, रेझिनचा थर दबून खाली बसतो, त्याच्यावर मोकळी फट दिसू लागते आणि द्रवाची वाट अधिकच अडते. अरुंद कॉलममध्ये भिंतीचा आधार रेझिनला सावरून धरतो. व्यास वाढला की तो आधारही अपुरा पडतो.

रेडियल कॉलममध्ये एकात एक अशी दोन सच्छिद्र नळकांडी असतात आणि त्यांच्यामधल्या जागेत रेझिन भरलेले असते. द्रव बाहेरच्या नळकांड्याभोवती पसरतो, रेझिनमधून आडवा आत सरकतो आणि मधल्या नळीतून बाहेर पडतो. टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीत चहूबाजूंच्या जमिनीतून पाणी झिरपावे, तसे.

हिशेब करून पाहा. बाहेरची त्रिज्या १५ सेंटीमीटर, आतली ५ आणि उंची २० धरली, तर सुमारे साडेबारा लिटर रेझिन मावते. द्रवाला त्यातून केवळ १० सेंटीमीटर जावे लागते आणि शिरण्यासाठी जवळजवळ १,८८५ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग मिळतो. तेवढेच रेझिन ३० सेंटीमीटर व्यासाच्या उभ्या कॉलममध्ये भरले, तर थर १८ सेंटीमीटरच्या आसपास जातो आणि क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटीमीटरच राहते. रेझिन दबत नाही असे मानले तरी, त्याच प्रवाहाला रेडियल कॉलममध्ये सुमारे एक तृतीयांश दाब पुरतो.

क्षमता वाढवायची असल्यास त्रिज्या तशाच ठेवून फक्त उंची वाढवावी. उंची दुप्पट केली की रेझिन दुप्पट होते, प्रवाहही दुप्पट ठेवता येतो, आणि थराची जाडी व दाब मात्र तेच राहतात. कारखान्यात मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते.

आत जाताना क्षेत्रफळ घटत असल्यामुळे द्रवाचा वेग वाढत जातो. वरील उदाहरणात तो तिप्पट होतो. म्हणून प्रथिनाला रेझिनवर बसण्यास पुरेसा वेळ मिळतो की नाही, हे आधी तपासावे. आयन विनिमय आणि ॲफिनिटी पद्धतींसाठी, म्हणजे जेथे प्रथिन धरून ठेवून नंतर सोडवायचे असते तेथे, हा कॉलम उत्तम चालतो. रेणूंच्या आकारानुसार वेगळे करण्यासाठी मात्र लांब थर लागतो. त्या कामासाठी उभा कॉलमच घ्यावा.