:९१०० दोनदा का चिकटतं?

प्रश्न: आमच्याकडे ४० सर्व्हर आहेत. त्यांच्या नावांच्या यादीवरून सर्व्हरची कामं आपोआप करणारं अ‍ॅन्सिबल आमची प्रॉमिथियसची (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामची) फाइल तयार करतं. प्रत्येक नावापुढे :९१०० हा पोर्ट लागावा म्हणून मी मॅपमधून, म्हणजे यादीतल्या एकेका नावावर, रेजेक्स_रिप्लेस (पॅटर्नशी जुळणारा मजकूर बदलणारा फिल्टर) चालवतो. पॅटर्न आहे (.*). नव्या मशीनवरून चालवलं की 'वेब१:९१००:९१००' असं येतं. प्लेबुकला, म्हणजे या सगळ्या सूचनांच्या फाइलला, मी हातही लावलेला नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर: प्लेबुक तेच आहे, खालचं पायथन (हे सगळं ज्यावर चालतं ती भाषा) बदललंय. याच चुकीपायी माझी एक अख्खी रात्र गेली होती. सगळे सर्व्हर डाऊन दिसत होते आणि मी फायरवॉलचे नियम तपासत बसले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

(.*) म्हणजे 'कितीही अक्षरं, शून्यसुद्धा'. आधी ते 'वेब१' हे अख्खं नाव पकडतं. नाव संपतं तिथे एकही अक्षर उरलेलं नसतं, पण शून्य अक्षरंही त्याला चालतात, म्हणून तिथे ते पुन्हा जुळतं. पायथन ३.६ पर्यंत ही रिकामी जुळणी सोडून दिली जायची. २०१८ साली आलेल्या ३.७ पासून तिच्याही जागी बदली मजकूर बसतो.

पॅटर्न ^(.*)$ असा करा. ^ फक्त नावाच्या सुरुवातीलाच जुळतं, त्यामुळे शेवटची ती रिकामी जुळणी होतच नाही. आणि हे टेम्पलेटच्या फाइलमध्ये लिहीत असाल तर बदली मजकुरात, पकडलेल्या नावाच्या जागी, \\१ असे दोन बॅकस्लॅश द्या. एकच दिला तर जिंजा (टेम्पलेट वाचणारा प्रोग्राम) त्याचं न दिसणारं अक्षर करून टाकतं.

पण खरं सांगू? नुसतं शेपूट जोडायला पॅटर्न हवाच कशाला? मी आता यादी प्रॉडक्ट फिल्टरला देते, कंसात [':९१००'], पुढे मॅपमधून जॉइन आणि शेवटी लिस्ट. प्रत्येक नावाची :९१०० शी जोडी लागते आणि जोडी सांधली जाते. वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. काही जण थेट जॉइनला ':९१००,' देतात. तसं करू नका, यादीतलं शेवटचं नाव पोर्टाविना राहतं.

प्रॉडक्टमधला चौकोनी कंस मात्र विसरू नका. तो नसेल तर :९१०० मधलं एकेक अक्षर सुटं धरलं जातं, 'वेब१:', 'वेब१९', 'वेब११' असं काहीतरी तयार होतं आणि तुमच्या ४० नावांच्या २०० ओळी होतात.