फ्लोरिडातल्या टॅम्पा बेमध्ये कायाकवरून टार्पन लागला तर कायाक उलटेल का? एवढा मोठा मासा आणायचा कसा?

तुमच्याकडे १२ फुटी सिट-ऑन-टॉप कायाक (वर उघड्यावर बसून चालवायची अरुंद होडी) आहे, स्नूक आणि रेडफिश काढून झालेत आणि आता टार्पन, म्हणजे उंच उड्या मारणारा तो मोठा समुद्री मासा, करायचाय, पण १०० पौंडाचा मासा पाण्यात ओढेल याची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. मी मूळचा रेवदंड्याचा, आता इकडे सेंट पीटर्सबर्गला असतो आणि मे महिना लागला की डोक्यात टार्पनशिवाय काही नसतं, तेव्हा जे कळतं ते सगळं सांगतो.

कायाक माशाच्या ताकदीने उलटत नाही, कोनामुळे उलटते. मासा कायाकच्या नाकासमोर असेल तर तो कितीही मोठा असू दे, तुम्हाला फक्त ओढत नेतो आणि खरं सांगायचं तर तो भाग सगळ्यात सेफ आहे. गडबड कधी होते, तर मासा आडवा जातो, तुम्ही रॉड बाजूला धरून जोर लावायला वाकता आणि नेमकी त्याच वेळी एखाद्या मोठ्या बोटीची लाट कुशीला लागते. म्हणून मासा ज्या बाजूला जाईल त्या बाजूला रॉड आडवा धरून बसायचं नाही, रॉड पुढे नाकाकडे न्यायचा, कायाक आपोआप त्याच्या दिशेला वळते. खालून दुसऱ्या बाजूला गेला तर रॉडचं टोक पाण्यात घालायचं आणि नाकाला वळसा घालून पलीकडे काढायचं. डोक्यावरून रॉड फिरवायला गेलात तर रॉड तरी मोडेल नाहीतर तुम्ही तरी पाण्यात जाल.

अँकर टाकून बसत असाल तर दोरीला फ्लोट बांधलेला पाहिजे आणि ती एका झटक्यात सुटली पाहिजे, गाठी सोडत बसायला वेळच मिळत नाही. आमिषाला खेकडा किंवा थ्रेडफिन हा छोटा मासा लावलेला असतो, रॉड होल्डरमध्ये असतो, आधी टोक नुसतं थरथरतं, मग वाकतं ते सरळच होत नाही आणि रीळ ओरडायला लागतं. सर्कल हुकला (टोक आत वळलेल्या गळाला) झटका मारायचा नाही, फक्त लाइन ताठ करत जायची, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपला आपण बसतो.

मग उडी. माशाचं अख्खं अंग पाण्याबाहेर येतं, तोंड उघडं, डोकं जोरात हलवतो आणि कल्ले एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट तुम्हाला लांबून ऐकू येतो. त्या क्षणी रॉड त्याच्याकडे झुकवून लाइनला ढील द्यायची, इकडे त्याला 'बाउइंग टू द किंग', म्हणजे राजापुढे झुकणं, म्हणतात. ताठ लाइनवर मासा पडला तर लीडर (गळाजवळचा जाड दोरा) तुटतो नाहीतर गळ उडतो, कारण त्याचं तोंड आतून हाडासारखं कडक असतं, गळ फार खोल रुतलेला नसतो. आपल्याकडे खाडीत जिताडा गरवला असेल तर तुम्हाला हे लगेच जमेल, तोही असाच डोकं झाडत उडतो, फक्त इथे वजन कितीतरी पट आहे.

आता खरी मेहनत. टार्पन हवासुद्धा घेतो, त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते, त्यामुळे दमला असं वाटतं आणि तो वर येऊन एक घोट घेऊन परत ताजातवाना होऊन पळतो. रॉड उभा धरून नुसतं वर ओढत राहिलात तर तुम्हीच त्याला हवेपर्यंत पोचवताय. रॉड खाली पाण्याजवळ ठेवा आणि तो ज्या दिशेला पोहतोय त्याच्या उलट ओढा, डोकं वळलं की अंग वळतं. कायाकची अडचण अशी की तुम्ही जोर लावला की होडीच पुढे सरकते, माशाला पूर्ण ताण बसतच नाही. पेडलवाली असेल तर रिव्हर्स मारा. काही लोक ब्रेक म्हणून दोन्ही पाय पाण्यात सोडतात, टार्पनच्या सीझनमध्ये मी ते कुणालाच सांगणार नाही.

कारण शार्क. टार्पनच्या मागे बुल शार्क आणि मोठे हॅमरहेड येतात. एकदा माझ्या बाजूच्या कायाकवाल्याने मासा जवळजवळ आणला होता, मागे उंच पंख दिसला आणि त्याने क्षणाचाही विचार न करता लाइन कापली, मासा सुटून पळाला. मला ते फार आवडलं. तुम्हीही कात्री लाइफ जॅकेटलाच अडकवून ठेवा. टार्पन ५० वर्षांच्या वर जगू शकतो, तुमच्या गळाला लागलेला मासा कदाचित तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेल, त्याला फोटोसाठी तासन् तास दमवून शार्कच्या तोंडी द्यायचं मला पटत नाही. पाऊण तास झाला आणि मासा अजून हाताशी नाही, तर मी स्वतः लाइन तोडतो. म्हणूनच हलकं सामान नको, ६००० ते ८००० साइझचं रीळ, ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड लाइन आणि ८० पौंडी लीडर घ्या.

फ्लोरिडात टार्पन सोडावाच लागतो, रेकॉर्डसाठी टॅग (खास परवाना) काढला असेल तेवढाच अपवाद. ४० इंचावरचा मासा पाण्याबाहेर उचलायचाही नाही, कायाकवर घ्यायचा तर प्रश्नच नाही. खालचा जबडा धरा, गळ काढा, तोंडातून पाणी जाईल असं हळूहळू पुढे न्या, शेपटीत जोर आला की सोडा. आणि हो, रहिवाशांना मिळणारं फुकटचं शोअरलाइन लायसन्स कायाकला चालत नाही, नेहमीचं सॉल्टवॉटर लायसन्स लागतं. शिट्टी आणि लाइफ जॅकेट कंपल्सरी आहे, जॅकेट नुसतं ठेवायचं नाही, अंगात घालायचं. दुपारी विजा सुरू व्हायच्या आत किनारा गाठा, उन्हाळ्यात इथे ढग बघता बघता डोक्यावर येतात.

पहिल्या वेळी स्कायवे ब्रिजकडे जाऊ नका. तिथे मासे भरपूर आहेत, पण प्रवाह जोरात असतो, मासा सरळ खांबांत शिरतो आणि शिपिंग चॅनल शेजारीच आहे. त्यापेक्षा पिनेलसच्या बीचवर सकाळी वारा पडलेला असताना जा, किनाऱ्याला समांतर जाणारे कळप वर येऊन पाठी दाखवतात ते लांबून दिसतात, त्यांच्या बऱ्याच पुढे जाऊन गप्प थांबा आणि त्यांना तुमच्याकडे येऊ द्या. पहिल्यांदा बरोबर दुसरी कायाक असलीच पाहिजे.