डोह त्याचा, उथळ पाणी आपलं

वाचकांचे प्रश्न : प्रवासाला निघताना

प्रश्न : ताई, आमचा मुलगा नोकरीसाठी दोन वर्षांपासून झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला आहे. जुलैमध्ये त्याने आम्हा दोघांना बोलावलंय आणि झांबेझी नदीतून चार दिवस कनूने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, जायचा बेतही पक्का केलाय. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत पाण्यात पाणघोडे, वाळूवर मगरी आणि काठाला हत्ती. ह्यांचा उत्साह तर विचारूच नका. मला पोहता येत नाही, वय ५४, डावा गुडघा अधूनमधून धरतो. मुलगा म्हणतो, "आई, फॉर्मवर पोहता येतं असं लिहून टाक, लाइफ जॅकेट असतंच." मला घाबरट म्हणवून घ्यायचं नाही, पण जिवावरही बेतायला नको. काय करू?
– नाव छापू नये, मुलुंड (पूर्व)

उत्तर : फॉर्मवर खोटं लिहू नका. जायचं की नाही हे नंतर बघू, आधी हे पक्कं करा. असं का म्हणते ते सांगते, कारण मी हे करून बसले आहे.

२०१८च्या जुलैमध्ये मी आणि माझी भाची झांबेझीवर गेलो होतो. मी तेव्हा ५७ वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. तीस वर्षं मुलांना नकाशावर झांबेझी दाखवली होती, आता प्रत्यक्ष बघायची होती. पोहायचं म्हणाल तर शिवाजी पार्कच्या तलावात मी रोज पोहत असे, त्यामुळे ती काळजी नव्हती. पण उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. फॉर्मवर "काही शारीरिक त्रास?" असा रकाना होता. तिथे मी "नाही" लिहिलं. खरं लिहिलं तर नेणार नाहीत, अशी भीती वाटली.

चिरुंडू या सीमेवरच्या गावापासून माना पूल्स या झिंबाब्वेतल्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आमचा मार्ग होता. उजव्या हाताला झिंबाब्वे, डाव्या हाताला झांबिया. वर करिबाचं मोठं धरण आहे, १९५९ साली पूर्ण झालेलं. त्याच्या खाली नदी घळीतून बाहेर पडते आणि सपाटीवर येऊन पसरते. ठिकठिकाणी वाळूची बेटं, त्यांच्यामधून फुटलेले फाटे, मध्येच खोल डोह. पाणी शांत दिसतं, ओढही फार नाही. होडी १८ फुटी, फायबरची, दोघांची. सामानही तिच्यातच.

तुमच्या मनात मगर असणार. माझ्याही होती. मगरीचे नियम सोपे आहेत आणि ते पाळले की पुरतात : हात पाण्यात सोडायचा नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं नाही, काठाशी ओणवं होऊन भांडी घासायची नाहीत. आंघोळ बेटाच्या वरच्या टोकाला, घोट्याएवढ्या पाण्यात, तळाची वाळू स्वच्छ दिसते तिथे, तांब्याने. बालदी भरायची ती गाइडने. संपलं.

खरा अभ्यास पाणघोड्याचा. दीड टनाचं जनावर, मोठे नर त्याहून कितीतरी जड, सुळे हातभर. दिवसभर कळपाने पाण्यात बसून राहतात. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे पाण्यावर एवढंच दिसतं, जणू काळे दगड. मग एका दगडाचा कान फडफडतो. बुडी मारली की पाचेक मिनिटं वर येत नाही. आणि तो पोहत नाही, तळावरून चालतो. पाण्याखाली तो कुठे चाललाय हे वरून कळत नाही. सगळा धोका इथे आहे.

आमचा गाइड त्याच भागातला होता. पहिल्या सकाळी, होड्या पाण्यात ढकलण्याआधी, त्याने काठीने वाळूवर नदी काढली आणि एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे पळतो. तो आणि खोल पाणी यांच्यामध्ये तुम्ही येऊ नका. डोह त्याचा, उथळ पाणी आपलं. म्हणून आम्ही एकामागे एक, काठालगत, उथळातून जायचं. पण काठालगत म्हणजे डोळे मिटून नव्हे. काठाच्या मातीला घसरगुंडीसारखी गुळगुळीत खाच दिसली की ती पाणघोड्याची रोजची वाट. एखादा चुकून अजून वर गवतात असला तर तो त्याच वाटेने धाडधाड खाली येणार, आणि जमिनीवर तो माणसापेक्षा जोरात पळतो. अशा खाचेसमोर थांबायचं नाही. आधी गाइड पुढे होऊन काठावर बघायचा, मग हात करायचा.

वळण आलं की तो वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या कडेवर ठोके द्यायचा. टक, टक, टक. घाईचे नाहीत, दार वाजवल्यासारखे. त्या आवाजावर एकेक डोकं वर यायचं आणि आमच्याकडे तोंड करून थांबायचं. मग तो मोजायचा. दुसऱ्या दिवशी एका कळपात अकरा डोकी होती. मला वाटलं, चला. तो हललाच नाही. काठावरच्या लव्हाळ्याला धरून आम्ही गप्प बसलो. माझ्या मांडीवर एक चतुर येऊन बसला, त्याच्या पंखांकडे बघत मी श्वास मोजत होते. बऱ्याच वेळाने, आमच्यापासून वीसेक हातांवर, फुस्स करून बारावं डोकं वर आलं. मघाशी आम्ही निघालो असतो तर त्याच्या डोक्यावरूनच गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वारा सुटला. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते. झांबेझीवर वारा सुटला की शांत पाण्यावर लाटा उठतात आणि होडी काठापासून सुटून आत जाऊ लागते. मागे मी बसले होते, दिशा माझ्या हातात. काठाकडे वळायला जोर लावायला हवा होता आणि माझा हात खांद्याच्या वर जाईना. दहा-बारा वल्ही मारली, मग नुसती कळ. बघता बघता पाण्याचा रंग बदलला. तपकिरी होतं ते हिरवं-काळं झालं. भाची पुढून ओरडली, "मावशी, वळव ना!" आणि डाव्या हाताला जी डोकी दिसत होती त्यातलं सगळ्यात मोठं खाली गेलं. आमच्या रोखाने पाण्यावर बुडबुड्यांची एक रांग आली.

गाइड परत फिरला. त्याने आपली होडी आमच्या आणि त्या बुडबुड्यांच्या मध्ये घातली, वल्हं सपाट करून पाण्यावर फाडफाड मारलं, आमच्या होडीची दोरी स्वतःच्या पायाखाली दाबली आणि दोन्ही होड्या ओढत उथळात आणल्या. पाणघोडा मागे वर आला, आम्ही मघाशी होतो साधारण तिथेच. तोंड वासून त्याने आम्हाला सुळे दाखवले आणि तिथेच थांबला. आम्ही त्याचा डोह सोडला होता.

रात्री जेवताना मी खांद्याचं सांगितलं. गाइड रागावला नाही. एवढंच म्हणाला, की पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी तुम्हाला माझ्या होडीत पुढे बसवलं असतं. त्याला घरी दोन लेकरं होती. माझ्या एका "नाही"मुळे तो माणूस तिथे जाऊन उभा राहिला, हे मी विसरलेले नाही. आणि काही झालं असतं तर माणसावर हल्ला केलेलं जनावर म्हणून त्या पाणघोड्यालाही गोळी घातली जाण्याची शक्यता होतीच. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

तर आता तुमचं. पोहता येत नाही, गुडघा दुखतो, हे दोन्ही स्पष्ट लिहा आणि मुलाला सहलवाल्यांना फोनवरही सांगायला लावा. ते म्हणतील, गाइडच्या होडीत बसा. तर बसा, त्यात कमीपणा नाही, उलट नदी तिथून उत्तम दिसते. ते म्हणतील, कनू नको, मोटारबोटीने या. तर तसं जा. माना पूल्स पायी आणि बोटीनेही बघता येतं. तिथले काही हत्ती उंच झाडाच्या शेंगांसाठी मागच्या दोन पायांवर उभे राहतात, ते बघायला वल्हं लागत नाही. जुलैला अजून पाच महिने आहेत. जवळच्या तलावात बायकांच्या वेळेला जाऊन निदान पाठीवर तरंगायला शिका. होडी उलटली तर होडीला धरून राहायचं नाही, जवळच्या काठाकडे निघायचं असं आम्हाला शिकवलं होतं, कारण जनावराचा राग त्या मोठ्या वस्तूवर असतो. लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देणार नाही, पण काठाला तेही नेणार नाही. गुडघ्यासाठी रोज जमिनीवर बसून हात न टेकता उठायचा सराव करा. होडीत चढणं-उतरणं हेच सगळ्यात अवघड असतं, वाळू पायाखालून सरकते.

रात्री तंबू बेटावर किंवा काठाला लागतात. पाणघोडे अंधारात चरायला बाहेर येतात, आणि कापडाच्या पलीकडे गवत उपटल्याचा चर्रचर्र आवाज येतो. यायचाच तो. चेन लावून आत पडून राहा, लघवीला जायचं ते झोपायच्या आधी. तंबूत फळं ठेवू नका, संत्री-मोसंबी तर सोबतच नेऊ नका. माना पूल्समध्ये त्यांना मनाई आहे, कारण हत्तींना तो वास लांबून येतो. स्वेटर मात्र न्या. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो, पहाटे वल्हं धरताना बोटं गारठतात.

प्रश्न : झांबेझीच्या सहलीसाठी कोणत्या लशी लागतात? आणि कपडे कसले न्यावेत?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : यलो फिव्हरच्या लशीचं तिकिटाआधी विचारा, नंतर नाही. कुठल्या देशात राहता, कुठे विमान बदलता, यावर ते ठरतं. लस घेतली की प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. ज्यांना ते लागतं आणि हातात नाही, त्यांना मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि परत आल्यावरही सांगितल्या तेवढ्या दिवस घ्यायच्या. मी ओळखीच्या लोकांना या गोळ्या मध्येच सोडताना पाहिलंय, तसं करू नका. कपडे खाकी, फिकट, पूर्ण बाह्यांचे. गडद निळा आणि काळा नको, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि जीन्सवरूनही चावते.

प्रश्न : मी दर रविवारी ऐरोलीच्या खाडीत कयाक चालवतो. हात चांगला बसलाय. मित्राबरोबर झांबेझीवर गाइडशिवाय जावं असा विचार आहे. खर्चही वाचेल.
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : दादा, जाऊ नका. हात बसलाय हे चांगलंच आहे, पण खाडीत तुम्ही भरती-ओहोटी वाचायला शिकलात, जनावर वाचायला नाही. झिंबाब्वेत गाइडचा परवाना मिळवायला वर्षं जातात : लेखी परीक्षा, मग जुन्या गाइडच्या हाताखाली उमेदवारी, मग जंगलात प्रत्यक्ष कसोटी. अकरा डोकी दिसली तरी बारावं आहे हे आमच्या गाइडला कळलं, ते या उमेदवारीमुळे. पैसे जमेपर्यंत एक वर्ष थांबा आणि तोवर खाडीतला सराव चालू ठेवा. उलट्या वाऱ्यात काठ धरून जायचं, तेवढं एक करत राहा.

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू राणीच्या बागेत पाणघोडा बघून आला आणि विचारतो, "आजोबा, तो गवत खातो तर मग माणसाला का मारतो?" काय उत्तर देऊ?
– एक आजोबा, लालबाग

उत्तर : आजोबा, तुमच्या नातवाने फार चांगला प्रश्न विचारलाय. तो माणसाला खायला मारत नाही. त्याची कातडी उन्हात सुकते आणि फाटते, म्हणून दिवसभर त्याला पाणी लागतं. कातडीतून तांबूस चिकट रस पाझरतो, तो उन्हापासून थोडं वाचवतो, पण पाण्यावाचून भागत नाही. रात्री चाळीसेक किलो गवत चरून तो पहाटे परत पाण्यात शिरतो. नराचा नदीचा एक तुकडा ठरलेला असतो, तिथे दुसरा नर आला तरी तो लढतो. मादीजवळ पिल्लू असतं. आणि माणूस नेमका तिथेच येतो, पाणी भरायला, मासे धरायला, होडी घेऊन. पळून जायची वाट बंद झाली की तो तोंड उघडतो.

पुढच्या खेपेला घड्याळ घेऊन जा (बुधवारी बाग बंद असते). पाणघोड्याचं डोकं पाण्याखाली गेलं की नातवाला सेकंद मोजायला सांगा, आणि नाकपुड्या कुठे वर येणार ते आधी बोटाने दाखवायला लावा. किती वेळा बरोबर आलं ते मला लिहून कळवा.