“बांधलं तर बांधलं, पण शाळेतून काढलं तर?”

आई समोर बसली ती पिशवी मांडीवरून खाली न ठेवताच. सोलापूरच्या पूर्वभागातलं घर, वडील यंत्रमागावर, ती विड्या वळते. मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. आंघोळीनंतर टॉवेल मनगटाला लागला की किंचाळायला लागला, तेव्हा तिनं हात उलटून पाहिला. दोन्ही मनगटांवर पट्टे. शाळेत त्याला ओढणीनं बाकाला बांधत होते, कधी खेळाच्या सामानाच्या खोलीत कडी लावून ठेवत होते.

“म्याडम, तक्रार केली तर दाखला हातात देतील. मग कुठं नेऊ याला?”

हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर मनोरुग्णालयातही रुग्णाला एकटं कोंडायला मनाई केलीय. तिथं जे चालत नाही ते दुसरीच्या वर्गात कसं चालेल?

तरी मी कायद्याचा कागद घेऊन शाळेत गेले नाही. बाईंना भेटले. त्या माझ्याशी बोलताना रडल्या. पन्नास पोरं, मदतीला कोणी नाही, आणि हा एकदा फाटकाबाहेर थेट रिक्षांच्या रस्त्यावर पळालेला. बांधणं चूकच होतं, पण त्यामागं दुष्टपणा नव्हता, भीती होती.

आम्ही एक वही केली. चिडला की वेळ आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढंच लिहायचं. दहा दिवसांत दिसलं: बहुतेक वेळा खिचडीच्या सुट्टीची घंटा. गंमत म्हणजे घरी दिवसभर मागाच्या खडखडाटात हा निवांत झोपतो! तो आवाज एकसारखा असतो. घंटा अचानक आदळते. आणि बांधल्यावर, कोंडल्यावर तो जास्तच धडपडायचा, हेही वहीतच निघालं.

मग व्हरांड्यात सतरंजीचा कोपरा केला. दार नाही, कडी नाही, तो स्वतः जातो, स्वतः येतो. फाटकाला शिपाईमामा. धरायची वेळ फक्त कुणाला लगेच इजा होणार असेल तरच. पालथं पाडायचं नाही, छातीवर भार द्यायचा नाही, धोका टळला की सोडायचं, आणि त्याच दिवशी आईला सांगायचं. दोन महिन्यांत असं एकदा झालं. बाईंनी संध्याकाळी स्वतः फोन केला.

घंटा आता तोच वाजवतो. बाईंचीच कल्पना, माझी नव्हे. घंटा स्वतःच्या हातात असली की त्याला आवाजाचं काही वाटत नाही. फक्त थांबत नाही लवकर, अशी मुख्याध्यापकांची तक्रार आहे.